हुंकाराशिवाय वाचणारा

गेल्या महिन्यात नातीने मला ई-रीडर घेऊन दिला. माझ्या डोळ्यांत वडिलांसारखाच काचबिंदू उतरतो आहे, हे तिला ठाऊक आहे. तिने तीन-चार यंत्रांची माहिती मला वाचून दाखवली. कशात अक्षरं किती मोठी होतात, चार्जिंग किती टिकतं, मराठी नीट दिसतं का. शेवटी एक ठरवलं आणि ते घरी आल्यावर माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजोबा, हा वाचूनही दाखवतो. तुम्ही नुसतं पडून ऐकायचं."

तिने कुठेतरी बोट लावलं. आतून एक बाई वाचायला लागली. एकसारखी, कुठेही न थांबता. मी ते बंद करायला सांगितलं, जरा जोरातच. पोर गोरीमोरी झाली.

तिला काय सांगणार? यंत्रात शिरून वाचणारा आमच्या घरातला पहिला माणूस मीच होतो. त्या वाचनापायी एका बाईला जन्मभर खोटं ठरावं लागलं. ती बाई आता नाही. मी आहे, म्हणून हे लिहितो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. माझे वडील पळसदेवला राहत. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणे. धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते तिशीचे होते आणि अक्षरं शिकले ती त्यानंतर. उशिरा मिळालेली वस्तू माणूस जपून वापरतो, तसे ते वाचत. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारातला ग्रंथ तेच वाचत आणि एरवी संध्याकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्रसुद्धा दहा जणांना ऐकवत.

आमच्या वस्तीत वाचनाची एक रीत होती. वाचणारा वाचायचा आणि ऐकणारा मधूनमधून "हं" म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की वाचणाऱ्यानेही थांबायचं. ऐकणाऱ्याचा डोळा लागला असेल, नाहीतर त्याला कळलं नसेल, असं समजून मान वर करून बघायचं. हुंकाराशिवाय वाचणं म्हणजे भिंतीला जेवू घालणं, असं आबा म्हणत.

त्यांची नजर गेली आणि वाचणारा ऐकणारा झाला. मी बारामतीला सरकारी कचेरीत कारकून होतो, तिथेच जळोचीला घर बांधलं होतं. त्यांना तिकडे घेऊन जायचा मी प्रयत्न केला. आई तर कधीच गेली होती. आबा म्हणाले, "तुझ्या घरात मी आंधळा हाय. हितं न्हाय." ते खरंच होतं. ओट्यापासून विहारापर्यंत ते काठीशिवाय जात. संध्याकाळचं ताट शेजारच्या काकू आणून देत. काकू माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचे मालक उजनीच्या पाण्यात मासेमारी करत, आणि चिलापीचं कालवण झालं की पहिली वाटी आबांची.

दर शनिवारी मी जायचो. भिगवणला एसटी बदलायची, पळसदेवला उतरायचं. आत पाऊल टाकलं की आबा विचारत, "पाणी किती उतरलं रं? देवळाचा कळस दिसतो का?" जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे, पाणी ओसरलं की वर येतं. मी सांगायचो, मग वाचायला बसायचो. दोन तास, अडीच तास. त्यांचा हुंकार काही केल्या थांबत नसे. मला कंटाळा यायचा. हे लिहायला आज जड जातंय, पण यायचा. आठवडाभर कचेरी, रविवारी पोरांचं काहीतरी, आणि शनिवार हा असा.

तेव्हा मला टेपरेकॉर्डर सुचला.

बारामतीच्या बाजारात दुकानदाराने आधी दोन स्पीकरचा, लाल-हिरवे दिवे नाचणारा मोठा टेप पुढे केला. मी म्हटलं, गाण्यासाठी नको, वाचण्यासाठी पाहिजे.

"टेप वाचतो व्हय?" तो हसला. "असला आमच्याकडं आला तर आमच्या पोरालाच आधी घेईन. धावीला बसलंय."

मग मी एकेक टेप पुढ्यात घेऊन डोळे मिटले आणि बोटांनी बटणं चाचपून बघितली. काहींची बटणं इतकी चिकटून होती की माझंच बोट चुकायचं. शेवटी एक चपटा, एकाच स्पीकरचा मिळाला. बटणं ठळक, एका ओळीत, आणि लाइट गेली तरी सेलवर चालणारा. डोळे मिटून मी ती बटणं परत परत दाबत होतो, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, आवडला का झोप लागली?"

जळोचीला घरात पंखा बंद करून, स्वयंपाकघराचं दार लोटून मी वाचायला बसायचो. तरी पहिल्या कॅसेटमध्ये कुकरची शिट्टी आलीच. बायको म्हणाली, "इतका वेळ घामाघूम होऊन डब्याला वाचून दाखवताय. तेवढ्यात पळसदेवला जाऊन आला असता."

मी म्हटलं, हे एकदाच करायचं आहे. मग रोज ऐकता येईल त्यांना.

आबांना शिकवायला एक शनिवार गेला. चालू करायच्या बटणावर मी आगपेटीची काडी तोडून चिकटवली होती. त्यांचं बोट धरून तिथे नेलं.

"हे दाबलं की मी वाचतो."

"आन् हे?"

"हे दाबलं की मी गप्प."

"असलं बटण तुझ्या लहानपणी पायजे हुतं," आबा म्हणाले आणि स्वतःच खूप हसले. लाल बटणाला हात लावायचा नाही, त्याने वाचलेलं पुसलं जातं, हे मी दोनदा बजावलं. मागे न्यायचं बटणही दाखवलं, पण ते त्यांच्या बोटांत बसलं नाही. पुढच्या वेळी दाखवू, म्हणून मी सोडून दिलं.

निघताना ते म्हणाले, "वस्तीत सांगू नगं."

"का?"

"लोक म्हणतील, लेकानं बापाला वाचाया डबा दिला. त्यापरीस तूच आलायस असं वाटू दे. कॅसेटच्या सुरवातीला दोन शब्द बोलत जा. आल्यावानी."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. पण मी लगेच हो म्हटलं. माझीही सोयच होती त्यात. पुढच्या कॅसेटच्या सुरुवातीला मी म्हटलं, "आबा, पाणी बरंच उतरलंय बघा. कळस दिसतोय." मग ग्रंथ. टेप त्यांनी पत्र्याच्या पेटीमागे ठेवला, वर टॉवेल. दिवेलागणीला दार अर्धं लोटून ते काडीचं बटण दाबत. वस्तीला ऐकू जाई की लेक वाचतोय. कुणी विचारलं तर सांगत, "कचेरी सुटली की येतो, वाचतो आन् शेवटच्या एसटीनं जातो. कामाचा माणूस हाय त्यो."

मी मात्र महिन्यातून एकदा जाऊ लागलो.

एकदा न कळवता गेलो होतो. दारात पोचलो तर आतून माझाच आवाज येत होता आणि त्याला आबांचा हुंकार. "हं. हं." मी वाक्य संपवलं की ते "हं" म्हणत आणि मी त्यासाठी न थांबता पुढचं वाक्य घेत होतो. काही ठिकाणी त्यांचा हुंकार माझ्या पुढच्या शब्दावर पडायचा, तेव्हा ते थोडे गडबडत आणि पुढचा लवकर देत. कॅसेटची बाजू संपेपर्यंत मी बाहेर उभा राहिलो.

"कवा आलास?"

"आत्ताच."

टेपवरचा टॉवेल सारखा करत म्हणाले, "डोळा लागतो रं कधीकधी. तू थांबत न्हाईस. जागा झालो की तू कुठंच्या कुठं गेलेला आसतोस. मागं कसं यायचं ते काय मला सापडत न्हाय." मग हसून, "आन् नवी कॅसेट भर. धरण काठोकाठ भरलंय आन् तू अजून म्हणतोस पाणी उतरलंय."

मी नवी भरतो म्हटलं. भरली नाही.

आश्विनात आबा गेले. त्या संध्याकाळी मी जळोचीला शेजाऱ्यांच्या बारशाला होतो. पंगतीत वाढत होतो, निदान पंचवीस माणसांनी मला पाहिलं असेल. सकाळी फोन आला.

पोचलो तेव्हा आबांना ओट्यावर घेतलं होतं. ते रात्रभर खाटेजवळ जमिनीवर पडले होते, असं कळलं. पडल्यापडल्या गेले की बराच वेळ होते, हे कुणाला सांगता आलं नाही. मी त्यांचे कपडे घ्यायला म्हणून आत गेलो. पेटीमागचा टॉवेल उचलला. कॅसेट शेवटपर्यंत जाऊन थांबली होती, बटण आपोआप वर आलं होतं. मी टेप टॉवेलसकट पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर आलो.

अंगणात काकूंच्या थोरल्या दिरांनी त्यांना विचारलं, "रोज ताट नेतीस, मंग काल का न्हाय गेलीस?"

"गेले हुते की! दारापातूर गेले. आत भाऊ वाचत हुते. म्हटलं लेक आलाय, बापलेकात कशाला शिरा, मागनं देऊ. मागनं आले तर आवाज बंद झाल्याला. म्हटलं निजले आसतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूही.

"आलतास का रं काल?" दिरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी जळोचीला होतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मला आवाज आला हो," काकू म्हणाल्या. "ह्यांचाच आवाज. मी काय वळखत न्हाय व्हय?"

एक म्हातारे बसले होते, ते म्हणाले, "आबांचा हुंकार ऐकलास का?"

काकूंनी आठवून बघितलं. खोटं बोलायचं असतं तर इथे "ऐकला" म्हणून सुटता आलं असतं. त्या म्हणाल्या, "न्हाय. त्यो न्हवता येत. म्हटलं डोळा लागला आसंल."

"मंग हुंकाराबिगर कोण वाचतंय गं? डोळा लागला तर वाचणारा गप व्हईल का न्हाय? सरळ सांग की, कटाळा आलता म्हून."

कुणीतरी हसलं. मयताच्या अंगणातही लोक हसतात. काकूंचा चेहरा मी पाहिला आणि खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की हे आबांच्या अब्रूसाठी आहे. टेप दाखवला तर वस्ती म्हणेल, म्हातारा एवढे दिवस आपल्याला फसवत होता. पुढे कितीतरी वर्षं हेच सांगत राहिलो. पण आबांची अब्रू कुठली, त्या पिशवीत माझी होती. टेप बाहेर काढला असता तर पहिला प्रश्न मला आला असता, की तू स्वतः किती वेळा आलास.

काकूंकडे मग बोट राहिलं ते राहिलंच. ताट द्यायचा कंटाळा केला आणि वर लेकाचा आवाज ऐकल्याची थाप मारली. भांडणात बायका त्यांना म्हणत, "हिला काय, मेलेल्याच्या घरातनं बी वाचताना ऐकू येतं." मी गावी गेलो की त्या कधीकधी गाठत. रागाने नव्हे.

"भाऊ, तुमी खरंच आला न्हवता?"

"नव्हतो, काकू."

"मंग मला आवाज कुणाचा आला?"

याला मी कधी उत्तर दिलं नाही. नंतर नंतर त्यांनी विचारणंही सोडलं. त्यांचा मुलगा सांगत होता की अलीकडे कुणी दारातून हाक मारली तरी आई उठत नसे. आधी सुनेला विचारी, "खरंच कुणी हाक मारली का गं?" मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी मातीला गेलो होतो. तिथेही बोललो नाही.

टेप आणि ती कॅसेट मी केव्हाच भंगारात घातली. आता पुरावा म्हणून माझा शब्द तेवढा आहे. काकूंकडे तरी त्या दिवशी दुसरं काय होतं?

तर हे लिहून ठेवतो: त्या संध्याकाळी आबांच्या घरात माझा आवाज होता. काकूंनी तो ऐकला. हुंकार येत नव्हता, हेही त्यांनी बरोबर ऐकलं. आत आबा पडलेले होते आणि मी वाचतच होतो. काकू परत फिरल्या त्या माझ्या आवाजामुळे.

नातीने हा मजकूर त्या ई-रीडरमध्ये घालून दिला आहे. वाचणाऱ्या बाईला तिने बंद करून टाकलं आणि अक्षरं एवढी मोठी केली की एका वेळी चारच ओळी दिसतात. या वर्षावासात एका संध्याकाळी विहारात मला वाचू द्या, असं मी पळसदेवला कळवलं आहे. काय वाचणार ते सांगितलेलं नाही. काकूंचा मुलगा हल्ली पुढेच बसतो. हुंकार द्यायचा की नाही, ते त्याने ठरवावं. मी प्रत्येक पानाला मान वर करून बघेन.