तळहातावरची काकडी

माझ्या हातून गॅस दोनदा चालू राहिला. दुसऱ्या वेळी वर रिकामं पातेलं होतं. त्यानंतर मुलानं शेगडीची बटणं काढून कपाटात ठेवली. रागावला नाही, रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळही त्यानंच घेतली. मी येणार नाही म्हणून तीन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं.

सून बँकेत जाते. त्या सकाळी निघताना तिनं फ्रिजवर कोरियन काकडीची कृती लावली. "आई, याला गॅस लागत नाही, आज तुम्हीच करा," म्हणाली. सँडलचा पट्टा लावताना मान काही वर केली नाही तिनं.

दुपारी बसले. काकड्यांची टोकं कापून, घासून कडू काढलं. हल्लीच्या काकड्या कडू नसतात, पण हातांना कोण सांगणार? चकत्या केल्या. पुढे लिहिलं होतं, मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, मग पाणी पिळा. तेवढ्यात बेल वाजली. पार्सलवाला होता. खोकं घेऊन ओट्याशी आले आणि थबकले.

मीठ लावलं होतं का?

बरणीचं झाकण उघडं होतं. चकत्या ओल्या होत्या, पण धुतलेली काकडी ओलीच असते. मी मीठ घातलं. घातलं की परत घातलं, ते देवाला ठाऊक.

चाखलं की कळणार होतं. पण मी स्वयंपाक करताना चाखत नाही. नैवेद्याआधी उष्टं करायचं नाही, हे लग्नानंतर इतकं मिरवलं की सवयच झाली. आता कोरियन काकडीचा नैवेद्य कुठल्या देवाला दाखवणार होते, कोण जाणे.

त्या वेळची मी म्हणजे काय ठसका होता! पंचविशीतलं शहाणपण, नाकावर राग आणि कंबरेला किल्ल्या. त्या वर्षी सासूबाईंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं होतं आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते. पुढे गौरीच्या दिवशी त्या दाराआड तळहातावर आमटी घेऊन चाखताना दिसल्या. बायकांनी भरलेल्या घरात मी म्हटलं, "आई, नैवेद्याआधीच?" ती आमटी बाजूला ठेवून मी नवी केली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्यानंतर सासूबाई चुलीकडे आल्या नाहीत. पुढची सगळी वर्षं मटार सोलत बसल्या, आणि मला वाटायचं, किती आराम देतेय मी त्यांना.

वीस मिनिटं झाली. घरात कुणी नव्हतं, तरी मी फ्रिजच्या आडोशाला गेले. एक चकती तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली.

खारट. जीभ आखडली.

बेसिनपाशी तशीच उभी राहिले. मग चकत्या दोनदा धुतल्या, पिळल्या, लसूण किसून घातला, तिळाचं तेल, व्हिनेगर, चिमूटभर साखर. कोरियन लोकांचं ते लाल तिखट रंगानं भीती घालतं, पण जिभेला आपल्या बेडगीसारखं. वर तीळ भुरभुरले. दिसायला झाली झकास.

रात्री जेवताना सून म्हणाली, "आई, मीठ अगदी नेमकं पडलंय." मुलानं चटकन माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. गप्प बसले असते तर गुरुवारही टळला असता बहुतेक. तेवढी लबाडी मला अजून जमते.

"दोनदा पडलं होतं," मी म्हटलं. "चाखलं म्हणून कळलं. मग धुतलं."

सुनेनं माझ्या ताटात आणखी काकडी वाढली. गुरुवारी किती वाजता निघायचं, मी विचारलं. दहाला, मुलगा म्हणाला. मी त्याला ते कागदावर लिहायला लावलं, मोठ्या अक्षरात, आणि फ्रिजवर काकडीच्या कृतीशेजारी चिकटवायला सांगितलं.