आधी पांढरं दाखवा

आमच्या कॉलेजात व्हिडिओचा कोर्स सुरू झाला तेव्हा कॉलेजात व्हिडिओ कॅमेरा नव्हता. कोर्स मंजूर झाला होता, कॅमेरा मंजूर व्हायचा होता, आणि मंजुरीच्या कामात असं मागेपुढे व्हायचंच, एवढी समज जळगावात शिकायला आलेल्या प्रत्येकाला होती. पहिली टर्म आम्ही साबणाच्या खोक्यावर काढली. खोक्याला भोक पाडून सरांनी त्यात काळ्या कागदाची नळी बसवली होती. ती लेन्स. खोका खांद्यावर घ्यायचा, एक डोळा मिटायचा आणि खिडकीपासून दारापर्यंत सावकाश वळायचं. याला पॅन म्हणतात. नळीतून भिंतीचा चिमूटभर तुकडा दिसे, पण सर विचारत, "फ्रेममध्ये काय आहे?" आणि आम्ही डोंगर, नदी, बैलगाडी, सुचेल ते सांगत असू. माझ्या फ्रेममध्ये नेहमी समुद्र असायचा. तो मी पाहिलेला नव्हता.

सर मूळचे फिजिक्सचे. हा कोर्स त्यांच्या गळ्यात पडला होता आणि त्यांनी तो सासरच्या पाहुण्यासारखा सांभाळला. लॅब म्हणून झूऑलॉजीची जुनी खोली मिळाली होती. भिंतीला लागून काचेच्या बरण्या, त्यांत साप, बेडूक आणि ओळख पटण्यापलीकडे गेलेले आणखी काही जीव. फॉर्मलिनचा वास आमच्या कपड्यांना लागे. दारावर पाटी होती, ‘चपला बाहेर काढाव्यात’. ती कुणासाठी होती कोण जाणे, पण आम्ही काढत असू.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कॅमेरा आला, तेव्हा त्याची पूजा ठरली. आम्ही बौद्ध, दसऱ्याला आमच्या घरची माणसं नागपूरच्या वाटेला लागलेली असतात. मी मात्र त्या दिवशी कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालायला लॅबमध्ये हजर होते. कुंकू लेन्सवर पडू नये म्हणून सरांनी झाकण काढलंच नाही. पुढे बरेच दिवस ते निघालं नाही. शेवटी निघालं, तेव्हा समोरचं चित्र दाखवायला कॉलेजने जो टीव्ही दिला तो ब्लॅक अँड व्हाइट होता. रंगीत व्हिडिओचं शिक्षण आम्ही संपूर्ण काळ्या-पांढऱ्यात घेतलं.

म्हणूनच की काय, सरांचा सगळा जोर व्हाइट बॅलन्सवर होता. "कॅमेरा बिनडोक आहे," ते सांगत. "पांढरं म्हणजे काय हे त्याला कळत नाही. तुम्ही त्याच्यापुढे काहीतरी धरायचं, बटण दाबायचं आणि म्हणायचं, बाबा रे, हे पांढरं. तो विश्वास ठेवतो. मग बाकीचे सगळे रंग तो त्यावरून ठरवतो. तेव्हा आधी पांढरं दाखवा." त्यासाठी त्यांनी एक पांढरा पुठ्ठा कपाटात कुलपात ठेवला होता. कॅमेऱ्यापेक्षा त्याची काळजी जास्त घेतली जाई.

आता अक्काचं सांगते. माझी मोठी बहीण धरणगावजवळच्या शाळेत शिकवायची. शाळेमुळे तिची भाषा शुद्ध झाली होती, अक्षर मोत्यासारखं होतं, आणि रंग काळा होता. सावळा नव्हे, काळा. स्थळं येत, कांदापोहे खात, तिचं कौतुक करत आणि मग म्हणत, "मुलगी चांगली आहे, पण." वाक्य तिथेच संपायचं. वडील गेल्यापासून आमच्या घरात शब्द चालायचा तो फुईचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा. तो ‘पण’ फुई चाव्यांच्या जुडग्यासारखा कमरेला बांधूनच हिंडत होती. पाहुणे गेल्यावर बशांतले उरलेले पोहे अक्का शेजारच्या कोंबड्यांना घालायची, आणि त्या वेळी तिच्याकडे पाहायचं नाही असा आमचा अलिखित नियम होता.

मग दोंडाईच्याचं स्थळ आलं. मुलगा मस्कतला कंपनीत होता, सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्याच्या वडिलांनी मुलीची कॅसेट मागितली. एक प्रत ते घरी बघणार, एक मस्कतला जाणार. फुईने सगळ्या गल्लीत सांगितलं की आमची धाकटी त्याचंच शिक्षण घेते. त्याच सुमारास माझी ‘मुलाखत’ या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. सर भले माणूस, म्हणाले, "बहिणीलाच घेऊन या. नाहीतरी दरवेळी शिपायाचीच मुलाखत होते."

रविवारी अक्का आणि फुई एस्टीने जळगावला आल्या. अक्काला गुलाबी साडी नेसवली होती आणि तोंडावर इतकी पावडर होती की ती हसली असती तर भेग पडली असती. फुईने बरण्यांतले साप पाहिले, नाकाला पदर लावला आणि पिशवीतून चादर काढून म्हणाली, "हाई मांगे बांध." मागे साप ठेवून स्थळ जमत नसतं, हे मलाही पटलं. मी चादर बांधली.

सर गावाला गेले होते. कॅमेरा त्यांनी शिपायाकडे देऊन ठेवला होता, पुठ्ठा कपाटात राहिला होता आणि चावी त्यांच्या खिशात. व्हाइट बॅलन्स कशावर करायचा म्हणून मी अडले, तर फुईने नेमका तोच शब्द उचलला. तिला मी तो आधी कधीतरी समजावून सांगितला होता.

"तुन्हा मशीनले गोरं करानं बटन शे ना?"

"गोरं नाही गं फुई, पांढरं."

"तेच ते. मंग दाब ना. वाट कसानी देखस?"

मी फ्रेममध्ये मागची चादर भरून घेतली आणि बटण दाबलं. चादर पांढरीशुभ्र दिसत होती. पण ती फुईने धुतलेली होती. निळ्या रंगाला आमच्या घरात मान आहेच, पण फुईचा हात नीळ घालताना जरा जास्तच श्रद्धाळू व्हायचा. मी बिनडोक कॅमेऱ्याला सांगितलं की हे निळसर ते पांढरं, त्याने विश्वास ठेवला, आणि तेवढी निळाई काढून टाकायची म्हणून सगळ्या जगात पिवळं मिसळलं. आमच्या टीव्हीवर यातलं काहीच दिसलं नाही.

मुलाखत फुईने होऊच दिली नाही. "पोरनी बोलानं नही," असा तिचा हुकूम. अक्का चालत आली, खुर्चीवर बसली, मान खाली घालून चहा ओतला, मान वर करून जरा हसली. नंतर मी त्यावर बासरी टाकली. सरांनी ते पाहिलं आणि इतके खूश झाले की मूळ कॅसेट पुढच्या बॅचसाठी नमुना म्हणून कपाटात ठेवली. ‘उत्तम प्रकाशयोजना’ अशी चिठ्ठी लावून.

दोन प्रती दोंडाईच्याला गेल्या, एक आमच्या घरी राहिली. तिकडून निरोप आला: पोर पसंत आहे, रंगही छान आहे, मुलालाही आवडली. आमच्या घरी पेढे वाटले गेले. रंग छान आहे हे ऐकून मला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला. कॅसेट आम्ही स्वतः रंगीत पाहिली ती त्यानंतर, शेजारच्या कापूस व्यापाऱ्याच्या घरी, व्हीसीआर भाड्याने आणला होता तेव्हा. पडद्यावर पांढऱ्याफेक चादरीपुढे एक केतकी रंगाची, सोनेरी गालांची बाई चहा ओतत होती. चहासुद्धा सोन्याचा दिसत होता. फुई म्हणाली, "बटन चांगलं चाललं." व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "आमच्या दिवाळीलाही ये गं शूटिंग करायला."

अक्का उठून घरी आली. पायरीवर बसून मला म्हणाली, "ही कोण आहे?"

मी नीळ, चादर, बटण, सगळं समजावून सांगितलं. तिने वर्गातल्या पोराचं चुकलेलं गणित तपासावं तसं ते शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मी मस्कतला उतरले," ती म्हणाली, "की ते विमानतळावर हिला शोधणार."

फुई आतून ओरडली, "लगीन व्हयनं म्हंजे कोन रंग देखस?" आई चुलीपुढून उठली नाही. अक्काला ते स्थळ हवं होतं, हे मला माहीत होतं. मुलाचा फोटो तिच्या शाळेच्या पिशवीत होता. पण त्याने ‘हो’ म्हणायचं ते तिला म्हणायला हवं होतं, त्या पिवळ्या बाईला नव्हे. एवढंच तिचं मागणं होतं, आणि आमच्या घरात ते अतिच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ती फुईला न सांगता एकटी जळगावला आली. विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून, तोंड स्वच्छ धुऊन. ती साडी ती स्वतः धुवायची आणि नीळ तिला आवडत नसे. सरांनी मोठ्या इतमामाने पुठ्ठा बाहेर काढला. त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. गोल डाग पाहून सर खरोखर खिन्न झाले. अक्काने पदर पुढे पसरला आणि म्हणाली, "हा चालेल?"

मी त्या पदराने फ्रेम भरली आणि बटण दाबलं. पदराच्या दोन्ही टोकांना तिची काळी बोटं तेवढी दिसत होती. या वेळी माईक होता. ती सरळ लेन्सकडे बघून बोलली: कितवीला शिकवते, पोरं गळू नयेत म्हणून कुणाकुणाच्या घरी जाते, तिला काय आवडतं, रागही कसा येतो. ती इतकी छान बोलली की सर बरण्यांजवळ उभे राहून मान डोलवत होते. नाव सांगायचं मात्र तिचं राहिलं, आणि ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. या कॅसेटच्याही दोन प्रती तिने स्वतः दोंडाईच्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकल्या. सोबत काही लिही, असं मी म्हटलं. "लिहायचं काय त्यात," ती म्हणाली, "दिसेलच की."

उत्तर आलं नाही. मुलाचे वडीलच आले. फेटा, काठी, हातात केळ्यांचा घड. फुईने त्यांना आबा आबा करत खाटेवर बसवलं. दुसऱ्या कॅसेटचं तिला तिथेच, आबांच्या तोंडून कळलं आणि तिने डोक्यावरचा पदर पुन्हा ओढून घेतला. अक्का चहा घेऊन आली. आबांनी कप घेतला, तिच्याकडे बघून प्रेमाने मान हलवली आणि पुन्हा आतल्या दाराकडे नजर लावली.

"हाई मोठी का?" त्यांनी फुईला विचारलं. "हुशार शे. बोलस चांगली. पन आमले ती पहिली कॅसेटमानी पसंत शे, ती न बोलनारी. पोऱ्यानंबी तेच म्हननं शे. ती कोठे शे?"

फुईने तोंड उघडलं. काय सांगणार होती देव जाणे. धाकटी म्हणून मला पुढे करायलाही तिने कमी केलं नसतं. पण अक्काने ट्रे खाली ठेवला आणि शाळेतली भाषा बाजूला ठेवून म्हणाली, "आबा, ती आते जळगावले ऱ्हास. कालेजना कपाटमा. चाबी सरजोडे शे."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, मग खाटेवर अंथरलेल्या त्याच चादरीकडे. हळूहळू त्यांना उमगलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांची नजर कपात उतरली.

"मंग चहा कोनी कया?"

"मीच कया."

"चांगला शे," ते म्हणाले आणि पूर्ण प्यायले. मस्कतला कळवतो, असं सांगून गेले. केळी ठेवून गेले.

मी मोरीशी अक्काजवळ जाऊन बसले. ती कपबशा विसळत होती. मला तिचा फार अभिमान वाटत होता. ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"खरं सांग. ती माझ्यापेक्षा चांगली दिसत होती ना?"

"तिला कावीळ झाली होती, अक्का."

ती हसली, अगदी मोठ्याने हसली. मग आबांचा कप उचलून पुन्हा विसळला, आणि पुन्हा विसळला, आणि मी आमच्या जुन्या नियमाप्रमाणे दुसरीकडे बघत बसले.