बाबांना पटलेली रोटी
तंदुरात करपलेल्या रोटीचा वास आला की बालाघाटची ती दुपार आठवते. आईला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं आणि मावशीने बाबांना बळेच माझ्याबरोबर जेवायला धाडलं. बसस्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी रोटी मोडून पाहिली. "कच्ची आहे, चाल." पुढच्या ढाब्यावर छान फुगलेली रोटी आली, तरी ते अर्ध्यातून उठले. "मैदा मिसळते हा." मी भुकेने वैतागलो, पण ते झपाझप मागे फिरले आणि एका टपरीत बसले. तिथली रोटी चामड्यासारखी होती. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली, समोरच्या दवाखान्याच्या दारावरची नजर न काढता. आई अजून चिडवते, "मले आत कापून राह्यले होते, अन् तुम्ही बापलेक रोट्या खात फिरत होते." बाबा म्हणतात, "हौ. दवाखान्यासमोरची सगळ्यात चांगली होती."