पिंकीच्या गळ्यातली सवत

जिवंत सवतीशी भांडता येतं, झिंज्या धरता येतात, माहेराचा उद्धार करता येतो. मेलेल्या सवतीचं काय करायचं, हे दुबलगुंडीच्या पिंकीला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिची सवत तर तिच्याच गळ्यात लटकत होती.

हुलसुरात तानाजीचं मोटार वाइंडिंगचं दुकान. पहिली बायको महानंदा तापानं गेली, दोन वर्षांनी पिंकी आली. उंबरा ओलांडला न ओलांडला तोच सासूनं, चंद्रभागाबाईंनी, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक तिच्या गळ्यात घातला. त्यावर बाईची मूर्त.

"ही तुझी थोरली. घास आधी तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण. रीत हाय."

पिंकीनं रीत पाळली, पण जळत जळत. त्यात समोरची निलम्मा ओसरीवर बसून आगीत तेल ओतायची, "महानंदाक्काची भाकरी म्हंजी पुनवेचा चंद्र!" पिंकीची भाकरी म्हणजे कर्नाटकाचा नकाशा. तानाजी शब्दांचा कंजूस. पिंकीनं खोदून विचारलंच तर बोलायचा, "महानंदा आमटीत चिंच जास्त घालायची." तो जवळ येऊन हळूच काही बोलला, तरी पिंकीच्या मनात पाल चुकचुकायची, हा मान खाली घालून बोलतोय कुणाशी? माझ्याशी का टाकाशी?

नागपंचमीला तिनं हट्टानं नवी पोपटी साडी टाकाला न लावताच नेसली. झालं! दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळणाऱ्या साडीच्या पदराला गाठ. सोडली. भर दुपारी, घरात कुणी नसताना, पुन्हा गाठ. तिसऱ्यांदा पडली तेव्हा चंद्रभागाबाईंनी हात जोडले.

"महानंदाच! कायबी विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची ती."

गल्ली जमली. निलम्मानं तर पैंजण वाजल्याचंही सांगितलं. महानंदानं जन्मात पैंजण घातले नव्हते, पण इतक्या रंगलेल्या गोष्टीत कोण आडवं येतं?

सगळे घाबरले. पिंकी पेटली. कारण तानाजीनं ती गाठ मुठीत धरली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते. "काय सांगायचं असंल तिला?" तो पुटपुटला. लग्नाला आठ महिने झाले, पिंकीच्या पदराला त्यानं एवढा जीव लावून कधी हात लावला नव्हता.

तिनं टाक उतरवला अन् सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात घातला. "तुमची बायको तुमीच सांभाळा!"

"अगं, पुरुषमाणूस घालतंय व्हय कधी?" सासू ओरडली. तानाजी मात्र टाक गळ्यात तसाच ठेवून दुकानात गेला.

आणि इथंच पिंकी फसली. गळा मोकळा झाला, जीव अडकला. आता थोरली दिवसभर त्याच्या छातीवर! तो तार गुंडाळायला वाकला की ती हनुवटीला लागणार. घाम पुसला की बोटांना लागणार. तव्यावरची भाकरी करपली, तरी पिंकीला वास आला नाही. तिसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी ती दुकानात जाऊन उभी राहिली.

"द्या इकडं ते."

"कामून?"

"माझ्याच गळ्यात बरी. तुमच्या छातीवर ती कामून झोपायलीय? ती जागा माझी हाय!"

बोलून गेली, अन् मग दुरुस्तीला पंप घेऊन आलेले रेवणप्पा दिसले. त्यांनी घाईनं पंपात डोकं घातलं. कान बाहेरच ठेवले.

तानाजीनं हातातली तार खाली ठेवली. "म्हंजी... तुला माझं कायतरी वाटतंय? मला वाटलं, बापानं ढकललं म्हणून आलीस. जवा बघावं तवा तिचंच इचारायचीस. तिला काय आवडायचं, ती कशी बोलायची. तुला तेच बोलायला आवडतंय म्हणून मी बी तिचंच सांगत बसलो."

आठ महिने मत्सरानं खोदून खोदून विचारलेले प्रश्न पिंकीला एकदम आठवले.

"चल, भालकीला फिरून येऊ," तो गाडीची किल्ली घेत म्हणाला. "आज तुझं सांग."

"अन् माझा पंप?" रेवणप्पा.

"उद्या, अण्णा."

पिंकीनं त्याच्या गळ्यातला टाक काढून आपल्या गळ्यात घातला, फिरवून पाठीवर टाकला, आणि मगच गाडीवर मागं बसून तानाजीला बिलगली.