चपलांचा राखणदार

आमच्या नागपूरच्या ऑफिसात तो फुटबॉलच्या जोरावर शिपाई म्हणून लागला. पुढे साहेबांनी ऑफिसची टीमच मोडली. मग कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, धूळ नको म्हणून बाहेर चपला काढायचा नियम झाला. कॉम्प्युटर चालवायला शिकवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. याला दाराशी चपला राखायला बसवलं. बसल्याबसल्या तो चपला पायानंच ओळीत लावायचा.

"आत जाऊन शिक ना गा," मी एकदा म्हटलं.

"इचारलं होतं. साहेब म्हणे, तू खेळाडू. मंग खेळू द्या म्हटलं, तं म्हणे, तू शिपाई."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. त्यानं हलक्या पायानं त्यांचे बूट बरोबर त्यांच्यापुढे सरकवले.

साहेब खेकसले, "पाय लावतो? हातानं दे!"

मैदानात चेंडूला कधी हात न लावलेला तो माणूस खाली वाकला.