बसून बघायची चित्रं

नयनाच्या भावाचा चिंचणीहून फोन आला, तेव्हा मी डहाणूच्या आमच्या गॅलरीत सुताराकडून पुढच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा उतरवून घेत होते. "ताई, नयना गेली," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले, घरी कधी आणणार ते विचारलं, कोणाकोणाला कळवायचं ते लिहून घेतलं आणि सुताराला फ्रेमा भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितल्या. मग नयना बसायची त्या चटईवर जाऊन बसले आणि... फार वेळ उठताच आलं नाही.

नयना चित्रकलेची शिक्षिका. मासेमारी करणाऱ्या घरातली, बुटकी, मोठ्या आवाजाची. २०१५ साली तिने नोकरी सोडून चिकूची एक रिकामी वखार भाड्याने घेतली. ज्यांची चित्रं कुठेच लागत नाहीत, त्यांची इथे लावायची, एवढाच तिचा बेत. किल्ल्या, निमंत्रणं, हिशेब माझ्याकडे, म्हणून मी तिची "मॅनेजरबाई". पहिलं प्रदर्शन तलासरीच्या लखमीचं. उभ्या माणसाच्या नजरेला येतील अशी चित्रं मी टेप धरून लावली होती. पण बाजार उरकून आलेल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि त्या समोरच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. "अगो नयना, छपरावरच लावायची होतीस ना!" तिची मावशी मान वर करून ओरडली. सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी नयनाने सगळे खिळे उपटून खाली मारले.

"मुंबईची माणसं हसतील," मी म्हणाले.

"हसू दे. बसून हसतील."

तेव्हापासून टेप बंद. नयना समोर चटईवर बसायची, मी चित्र धरायची. "खाली. अजून खाली. थोडं वर... हां, मार खिळा." तिचे डोळे हेच माप. मुंबईहून आलेले लोक आधी ओणवे होऊन बघत, मग गुडघे धरत खाली बसत आणि एकदा बसले की लवकर उठत नसत.

तिच्या मनात खरं होतं ते हंसाचं प्रदर्शन. हंसा तिची शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन इंग्लंडला गेलेली. जाळ्यांचे तुकडे कापडावर शिवून ती चिंचणीचा किनारा करायची : काठ्यांवर सुकत घातलेले बोंबील, वाळूत कलंडलेली होडी. तिकडच्या गॅलऱ्या म्हणाल्या, ही भारतीय हस्तकला. मुंबईतल्या म्हणाल्या, परदेशातल्या बाईचा छंद. "म्हणजे आपल्यासाठीच राहिलीय," नयना खूश. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "हंसाचं लावशील ना?" मी म्हणाले, "तू बरी हो, मग लावू." "मॅनेजरबाई, तू लावशील का, ते विचारलं." मी हो म्हणाले. तेवढं करायचं आणि वखारीला कुलूप लावायचं, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

तेरावं झाल्यावर हंसा चित्रं घेऊन आली. मी नेहमीची यादी काढली : झाडणे, भोकं बुजवणे, माप. मापापाशी अडले. मी चटईवर बसले, लखमीने चित्र धरलं. "बाय, तुझी नजर वरती जाते," ती म्हणाली. खरंच होतं, मी नयनापेक्षा बरीच उंच. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. आधीच्या प्रदर्शनाचे, नयनाने सांगून मारलेले खिळे अजून तिथेच होते. हंसाची चित्रं आम्ही त्यांच्यावरच टांगली. अंतरं नीट जुळली नाहीत. मला ते एरवी चाललं नसतं...

टोपल्या घेऊन बायका आल्या. मावशी बोंबलांसमोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कधीपासून वाळत घातलेस गं?"

"लग्न झाल्यापासून वाळतायत, मावशी," हंसा म्हणाली आणि तिच्याशेजारी बसून रडली. शेजारच्या नयनाच्या चटईवर कोणी बसलं नाही.

आता चित्रं उतरली आहेत, हंसा परत गेली आहे. कुलूप लावायचं मात्र माझ्याच्याने झालं नाही. पुढच्या महिन्यात लखमीची नवी चित्रं लागतील. यादी तयार आहे, 'भोकं बुजवणे' तेवढं खोडलंय. रंगाऱ्याला बजावलंय, खिळ्यांना हात लावू नकोस. रिकाम्या वखारीत चटईवर बसलं, की ते समोर एका ओळीत दिसतात. त्यांच्याशी नजर जुळवायला मला थोडं वाकावं लागतं.