आयरिनताईंच्या लझानियात ससाच असायचा

आयरिनताई गेल्याचं मला कळलं ते इथल्या मराठी कुटुंबांच्या आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर. ‘आपल्या गटाची अन्नपूर्णा हरपली’ एवढं वाक्य आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मी अल खोरच्या एका फार्मसीत औषधं घ्यायला उभी होते. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि आज सहा आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

आयरिनताई मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती कुटुंबातल्या. जवळजवळ तीस वर्षं इथे कतारमध्ये फिजिओथेरपिस्ट होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आमच्याच कंपाउंडमध्ये, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. गोड बोलायचं म्हटलं की त्यांना धाप लागायची. अबू नासिर नावाच्या एका कतारी गृहस्थाच्या म्हाताऱ्या आईला त्यांनी वर्षभर खपून पुन्हा पायांवर उभं केलं होतं. तेव्हापासून हिवाळ्यात शिकारीचा मोसम उघडला, की अबू नासिर आपला ससाणा घेऊन वाळवंटात जायचे आणि मिळालेल्या सशांतले एकदोन आयरिनताईंकडे पाठवायचे. ताई त्याचा लझानिया करायच्या. मी एकदा विचारलं, लझानियाच का? म्हणाल्या, “आमच्याकडे सुकं करतात. पण ते त्या दिवशी संपवावं लागतं. मला असं काही हवं होतं, जे दुसऱ्याच्या फ्रीजरमध्ये जाऊन बसेल आणि त्याला गरज पडेल तेव्हाच बाहेर येईल.”

त्या दुसऱ्यांमध्ये मी होते. माझी मुलगी झाली तेव्हा सिझेरियन झालं होतं, पुण्याहून आईचा व्हिसा अडकला होता आणि सुहासला, माझ्या नवऱ्याला, रास लफानच्या प्लान्टवर शटडाउनची बारा-बारा तासांची ड्यूटी लागली होती. चौथ्या दिवशी आयरिनताई फॉइलचे सहा ट्रे घेऊन दारात उभ्या. आत यायच्या आधीच म्हणाल्या, “मेधा, हे सशाचं आहे. तुमच्या घरात चालत नसेल तर आत्ता सांग, मी पालकाचं करून आणते. मागाहून कुरकुर नको.” आमच्या माहेरी अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे... पण मी हो म्हटलं. ते तीन आठवडे मी त्या सहा ट्रेंवर काढले. दुपारी बाळ झोपलं की एक तुकडा ओव्हनमध्ये टाकायचा आणि बसून खायचा. बसून, गरम. हे सुख काय असतं ते बाळंतिणीलाच विचारावं.

पुढच्या वर्षी आमच्या गटाची दिवाळी होती. अल खोर आणि दुखानची मिळून तीसेक मराठी कुटुंबं, अल गराफातला एक भाड्याचा हॉल. आयरिनताईंनी दोन मोठे ट्रे आणले होते, एक पालकाचा, एक सशाचा, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या. गटाचे प्रमुख त्यांच्याजवळ आले आणि अगदी हसतमुखाने म्हणाले, “ताई, गैरसमज नको, पण तुमचे ट्रे गाडीतच ठेवता का? तुम्ही न सांगता लोकांना शिकारीचं खाऊ घालता, अशी चर्चा आहे. बायका घाबरतात.” न सांगता! मी चार हातांवर उभी होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. या बाईने उंबऱ्याबाहेर उभं राहून मला आधी सांगितलं होतं, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी मुलीच्या फ्रॉकची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी बांधलेलीच होती. पालकाचा ट्रेसुद्धा परत गेला. पालकात काय शिकार होती, हे कोणी विचारलं नाही. खरी अडचण सशाची नव्हती, आडनावाची होती. आणि ते उघड बोलायची कोणाला गरजही पडली नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, “ट्रे परत नेताना मला काही वाटलं नाही. अपमान मी पुष्कळ पाहिलेत. तू खाली बघितलंस, ते लागलं.” मी माफी मागितली. “बरं,” म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. विषय त्यांनी संपवला. माझा संपला नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला ड्यूटीवरच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दोन दिवसांत सगळं खलास. बहीण वसईहून पोचेपर्यंत त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. त्याच प्रमुखांनी माइक घेतला. “आयरिनताईंच्या हातचं खाल्लं नाही असा आपल्यात एकही जण नसेल...” मी उठले. म्हटलं, “तुम्ही खाल्लेलं नाही. तुम्ही त्यांचं अन्न ह्याच दारातून गाडीत परत पाठवलंत, आणि मी ते बघत गप्प बसले.” कोणीतरी मागून म्हणालं, “मेधा, ही ती वेळ आहे का?” मी म्हटलं, “नाही. ती वेळ दिवाळीत होती. मी घालवली.” त्यांच्या बहिणीने माझा हात धरून मला खाली बसवलं, आणि सभा संपेपर्यंत तो सोडला नाही.

एवढ्यावर थांबावं ना माणसांनी? गेल्या आठवड्यात प्रमुखांच्या पत्नीचा फोन. गटाची स्मरणिका निघते आहे, त्यात ताईंच्या लझानियाची कृती हवी. “फक्त सशाच्या जागी चिकन लिही हं. सगळ्यांना बरं वाटेल.” मी म्हटलं, “वहिनी, ससाच लिहीन. नाहीतर छापू नका.” तर त्या म्हणाल्या, मग राहू दे.

मी राहू देणार नाही. ससा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. मग कांदा, गाजर, टोमॅटो, तमालपत्र आणि त्यांच्या बहिणीने पाठवलेला, वसईकडे बाटल्यांत भरून ठेवतात तो बॉटल मसाला घालून मंद आचेवर तीन तास. सशाला चरबी नसते, म्हणून ऑलिव्ह तेल सढळ हाताने. फ्रीजरमध्ये ठेवायचा तर रस्सा पातळच ठेवायचा, कारण पास्त्याच्या कोरड्या पट्ट्या तो पितात. थर लावून वर पांढरा सॉस आणि चीज. भाजायचा नाही, पूर्ण गार करून, फॉइल दुहेरी गुंडाळून, आत काय आहे आणि कधी केलं ते लिहून कच्चाच ठेवायचा.

परवा अबू नासिरांचा ड्रायव्हर माझ्या दारात दोन ससे ठेवून गेला. आज सकाळी मी आयरिनताईंसारखीच खिडकीपाशी बसले, कारण हाडं ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाहीत, असं त्या म्हणायच्या. शिजलेलं मांस परातीत पसरून बोटांनी तीनदा चाचपायचं, हा त्यांचा नियम. दोनदा चाचपलं, काही नव्हतं, आणि मला उठावंसं वाटलं. तरी तिसऱ्यांदा हात फिरवला. एक हाड निघालं, तांदळाच्या कणीएवढं.